हवेचा दाब वाढला की गुरुत्व (जी) कमी होतं हे मान्य, पण माझ्याकडे पाचपट का?

बेसाल्टवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही रडगाण्याचा.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावात भूजलाच्या प्रकल्पावर आहे. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या असताना एका जागी गुरुत्व मोजायचं, पावसाळा संपल्यावर त्याच जागी पुन्हा मोजायचं आणि फरकावरून खाली किती पाणी मुरलं ते काढायचं, असं काम. नुसत्या पाण्याचा एक मीटर जाडीचा थर जी ४२ मायक्रोगॅलने (गुरुत्व मोजायचं बारीक एकक) वाढवतो. आपल्या काळ्या पाषाणात मात्र शंभर लिटर दगडामागे दोनेक लिटर पाणी सुटं असतं. म्हणजे विहीर दहा मीटर चढली तरी हाती येणार आठ मायक्रोगॅल. (रोजच्या वापरातला ९.८ म्हणजे ९८ कोटी मायक्रोगॅल. त्यातले आठ!)

म्हणून आधी यंत्राची, म्हणजे गुरुत्वमापकाची, परीक्षा घ्यायला ते मुलांच्या एका वसतिगृहात तळमजल्यावरच्या खोलीत चार दिवस एकाच जागी ठेवलं. चंद्र-सूर्याची ओढ वजा केली, यंत्राच्या स्प्रिंगचं सावकाश सरकणं वजा केलं. तरी जीच्या आलेखात रोज दोन खड्डे उरतात. एक सकाळी नऊ-दहाला, दुसरा रात्री नऊ-दहाला. खोली साधारण पाच मायक्रोगॅल. शेजारी दाबमापक होताच. त्याच वेळांना दाब सगळ्यात जास्त, चढउतार ३ हेक्टापास्कलचा. म्हटलं सापडलं!

पण भागाकार केला तर एका हेक्टापास्कलला दीड मायक्रोगॅलच्या वर येतंय. पुस्तकात सगळीकडे ०.३ दिलंय. यंत्र बिघडलंय की माझं डोकं?

गोदाकाठ

तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत. हुरडा संपला, शेंगदाणे घेऊन बसलोय.

परभणीचा_राजा

भौ, आमच्याकडं हवेचा दाब फक्त टायरात मोजतेत. तीसच्या खाली गेला की पंक्चरवाला.

उपसासिंचन

अडाण्याचा प्रश्न. दाब वाढला म्हणजे हवा आपल्याला जास्त दाबणार. मग वजन वाढायला पाहिजे ना? कमी कामून होतंय?

पारा७६०

उपसासिंचन, प्रश्न अडाण्याचा नाही. मी वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी केली, रोज सकाळी साडेआठला पाऱ्याचा दाबमापक वाचला, पण हे माझ्याही डोक्यात निवृत्तीनंतरच शिरलं.

दाब जास्त याचा अर्थ तुमच्या डोक्यावर हवेचा ढीग जास्त. एक हेक्टापास्कल वाढला की दर चौरस मीटरवर साधारण दहा किलो हवा वाढली. हवेलाही वस्तुमान आहे, तीही ओढते. पण ती वर आहे, म्हणून वर ओढते. पृथ्वी खाली ओढते आणि ही तिच्यातून चिमूटभर कमी करते. हा आकडा हेक्टापास्कलला ०.४३ मायक्रोगॅलच्या आसपास येतो. तुम्ही म्हणता ते "दाबणं" सगळ्या बाजूंनी असतं आणि ते यंत्राच्या बंद डबीबाहेर राहतं.

आता ०.४३ चा ०.३ कसा होतो? एवढी हवा जमिनीवर बसली की जमीनही मिलिमीटरच्या हिशेबात खचते. यंत्र पृथ्वीच्या मध्याच्या जवळ जातं, जी थोडा वाढतो. वजाबाकी करून ०.३ ते ०.३५ उरतो. त्यामुळे धागाकर्त्याचा दीड मला पटत नाही. हवा एवढी जड नाही.

सकाळी दहा आणि रात्री दहाला दाब चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारला उतरलेला, हे मात्र शंभर टक्के बरोबर. आपल्या पट्ट्यात घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमाने होतं. सूर्य वरची हवा तापवतो, त्यातून वातावरणात उठणारी ही लाट आहे.

अर्धवट_भौतिकी

काका, इथं माझा आक्षेप. पोकळ गोलाच्या आत गुरुत्व शून्य असतं, हे न्यूटनने दाखवलंय. वातावरण पृथ्वीभोवतीचं टरफलच आहे. आपण टरफलाच्या आत. मग डोक्यावरची हवा वर ओढते तेवढंच पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची आणि चहूबाजूची हवा खाली ओढते. बेरीज शून्य. तुमचा ०.४३ आला कुठून?

गोदाकाठ

शेंगदाणे वसूल.

घनदाट

अर्धवट, नाव बदलून घे, पाऊणवट तरी हो. आक्षेप अगदी बरोबर आहे, फक्त लागू कुठे होतो ते बघ.

सगळ्या पृथ्वीवर दाब एकाच वेळी सारखा वाढला तर ओढीत फरक पडणार नाही, तुझं टरफल बरोबर. पण दाब तसा वाढतो का? लातुरात चढला तेव्हा आणखी कुठे तरी उतरलेला असतो, हवेचा एकूण साठा तोच. टरफल एका जागी जाड, दुसरीकडे पातळ झालं की शून्य मोडलं. आणि बहुतेक परिणाम जवळच्या हवेचा. साधारण पन्नास किलोमीटरच्या आतल्या हवेनेच नव्वद टक्क्यांच्या आसपास काम होतं. त्यापलीकडची हवा क्षितिजाला टेकलेली, ती आडवी ओढते, आणि उभा जी मोजणाऱ्या यंत्राला आडव्याशी देणंघेणं नसतं.

म्हणून ०.३ हा देवाने दिलेला आकडा नाही. वादळासारखं लहान काही वरून गेलं तर वेगळा, आठवडाभर पसरून राहिलेला उच्च दाब असेल तर वेगळा. पण ०.२ ते ०.४ मध्ये खेळेल. दीड कधीच नाही.

अर्धवट_भौतिकी

पटलं. आडव्या ओढीचा विचारच केला नव्हता. नाव तेच ठेवतो, प्रामाणिक आहे.

शेवंताआज्जी

आमच्या गुडघ्यांना आभाळ येण्याच्या आदल्या दिवशी कळतं. तुमचं यंत्र केवढ्याला?

बेसाल्टवाला

आज्जी, यंत्र माझ्या सगळ्या शेतापेक्षा महाग आहे आणि उसनं आणलंय. गुडघेच परवडतील.

परभणीचा_राजा

मंग दाब वाढल्यावर काट्यावर उभं राहिलं तर वजन कमी दिसंल? बायकोला सांगायचंय.

घनदाट

हलके घ्या, पण हिशेब करू. मोठं वादळ येऊन दाब ३० हेक्टापास्कलने बदलला तरी जी नऊ मायक्रोगॅलने बदलतो. सत्तर किलोच्या माणसाला अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त फरक, ज्वारीच्या दाण्याच्या एका कणाएवढा. उलट तुमचं शरीर जेवढी हवा बाजूला सारतं ती ऐंशी ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्याने तुम्ही आत्ताही हलके तोलले जाताय, पाण्यात तरंगल्यासारखे. दाब ३० ने वाढला की हे तरंगणं दोन-अडीच ग्रॅमने वाढतं. म्हणजे गुरुत्वापेक्षा हजारो पट.

गुरुत्वमापकाच्या आतलं वजन उघड्या हवेत असतं तर त्याचंही हेच झालं असतं. म्हणूनच ते डबीत सीलबंद असतं, नव्या क्वार्ट्‌झच्या यंत्रांत निर्वातात. बेसाल्टवाले, सील गळत असेल तर दाबाशी खोटं नातं दिसतं. तुमचं पाचपट तिथून येत नसेल ना? घाट चढा आणि उतरून परत त्याच जागी मोजा. नऊ मीटर चढलं की साधारण एक हेक्टापास्कल कमी, म्हणजे दोनशे मीटरच्या घाटात वीस-बावीस. सील गळका असेल तर लगेच बोंबलेल.

बेसाल्टवाला

ते आधीच केलंय. खाली, वर, पुन्हा खाली. खालची दोन्ही वाचनं तीन मायक्रोगॅलमध्ये जुळली. सील ठणठणीत.

मोजणीबाबू

माझा एक गाढवपणा सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या पहिल्या कामात दाबमापकाची बॅटरी दुसऱ्या दिवशी संपली. मी हुशारी केली, राहिलेल्या दिवसांचा दाब हवामानाच्या संकेतस्थळावरून उचलला. मापक दाखवायचा ९३८, संकेतस्थळ दाखवायचं १०१०. मला वाटलं मापकच भंगार. प्रत्यक्षात संकेतस्थळ समुद्रसपाटीला नेलेला दाब देतं, आणि आम्ही साडेसहाशे मीटरवर होतो. ७० हेक्टापास्कलचा फरक गुणिले ०.३ म्हणजे २१ मायक्रोगॅलची पायरी, थेट माझ्या आलेखात! साहेबांनी ती बघून विचारलं, "इथं रात्रीतून डोंगर हलवला का?"

तेव्हापासून जागेच्या उंचीला किती दाब असायला हवा ते आधी काढतो (६४० मीटरला सुमारे ९३९) आणि मोजलेला दाब त्यातून किती सरकलाय तेवढ्याचीच दुरुस्ती लावतो.

तुमचं हे नसावं, तुमचा फरक रोज येतो-जातो. पण यंत्रात भारतीय वेळेचे साडेपाच तास बरोबर भरलेत ना? ते चुकले तर चंद्र-सूर्याची दुरुस्ती भलत्याच वेळेला लागते, आणि ती ओढ दिवसात शेकडो मायक्रोगॅल हलवते. त्याची शिल्लकही दिवसातून दोनदाच येते!

बेसाल्टवाला

वेळ तीनदा तपासली, बरोबर आहे. शिवाय चंद्राची लाट रोज पाऊण तासाने पुढे सरकते. माझे खड्डे घड्याळाला चिकटलेत.

विहीरबागायत

तुमचं शास्त्र मला झेपत नाही, पण हवेचा दाब आणि पाणी यावर एक अनुभव. आमच्या औसा तालुक्यातल्या शेतात एक बंद पडलेला बोअर आहे. वर दगड ठेवलाय, फट राहिलीय. काही वेळा त्या फटीतून हवा बाहेर फुसफुसते, काही वेळा आत ओढली जाते. ज्वारीचं वाळलेलं पान फटीवर धरलं की आत खेचलं जातं आणि चिकटून बसतं. आमचे आबा म्हणायचे, बोअर श्वास घेतोय. अवकाळीचं आभाळ भरून आलं की हमखास बाहेर फुंकतो. आबा त्यावर भुसा झाकायला घ्यायचे.

पारा७६०

आबांचा अंदाज माझ्या साडेआठच्या वाचनाइतकाच पक्का! बाहेरचा दाब उतरला की दगडाच्या भेगांतली हवा बाहेर येते, चढला की आत जाते. आणि खडकाखाली कोंडलेलं पाणी असेल तर बोअरमधली पातळीही हलते: दाब एक हेक्टापास्कल वाढला की पाणी जास्तीत जास्त एक सेंटिमीटर खाली दबतं. पाणी कुठं जात नाही, नुसतं दबतं. बेसाल्टवाले, विहिरींच्या पातळ्या घेताना हेही लक्षात ठेवा, विशेषतः सकाळी दहा आणि दुपारी चारची वाचनं शेजारी लावताना.

हिंगोलीकर

आमच्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींची वेधशाळा होतेय, ४ किलोमीटरचे दोन हात, २६०० कोटी, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिलीय. तिथं पण हवेच्या दाबाचा त्रास होणार का? मग जागा चुकली म्हणायची!

घनदाट

जागा चुकली नाही, विषय थोडा वेगळा आहे. तिथं जी मोजायचा नाही, आरशांमधलं अंतर मोजायचं. पण त्रास आहेच, आणि मजेदार आहे. लेझरच्या नळ्या निर्वात असतात, तिथं हवा आत येऊ शकत नाही. हवेची ओढ मात्र भिंतीतून आत येते. बाहेर दाबाची लाट गेली, म्हणजे दाट-विरळ हवा सरकली, की आरसे तिच्याकडे इवलेसे ओढले जातात. गुरुत्वाला पडदा घालता येत नाही. आजच्या वेधशाळांत हा गोंधळ बाकीच्या गोंधळांखाली दबलेला असतो, पुढच्या जास्त संवेदनशील यंत्रांना त्याची काळजी जास्त.

उपग्रहांनाही हेच. २००२ साली सोडलेल्या ग्रेसच्या जोडीने उत्तर भारतातलं भूजल घटलेलं दाखवलं, त्यासाठी आधी हवामानाच्या प्रतिमानातून हवेचं वजन काढून टाकावं लागलं. नाहीतर पाणी कुठलं आणि हवा कुठली ते कळतच नाही.

बीडवासी

आकृष्टिशक्ती हा शब्द भास्कराचार्यांचा. आणि भास्कराचार्य बीडचे. नोंद असावी.

चाळीसगावकर

पाटणचे.

संपादक मंडळ

वरील दोन सदस्यांनी वेगळा धागा काढावा. तिथे आधीच ३११ प्रतिसाद आहेत.

पारा७६०

मूळ प्रश्नावर येतो. काल रात्री धागाकर्त्याचा आलेख मागवून घेतला आणि जुन्या सवयीने पट्टी लावून वाचला.

सकाळचा खड्डा दाबाशी छान जुळतो. रात्रीचा जुळत नाही. रात्री दहाला जी खाली गेला, ठीक. पण मध्यरात्रीनंतर दाब उतरतो, चारला तळाला जातो. म्हणजे चारपर्यंत खड्डा भरून यायला हवा. तुमचा किंचित वर येऊन तसाच बसून राहतो. आणि मग साडेपाच ते साडेसातमध्ये झपझप भरतो. त्या वेळी दाब तर वाढत असतो! म्हणजे जी उलट कमी व्हायला हवा.

हवा पहाटे साडेपाचला उठून काही करत नाही. वसतिगृहात पहाटे साडेपाचला कोण उठतं?

मोजणीबाबू

काका!!! 🙏

बेसाल्टवाले, त्या खोलीच्या वर काय आहे?

बेसाल्टवाला

...

छत. छतावर दोन काळ्या टाक्या. प्रत्येकी पाच हजार लिटर.

अरे देवा.

घनदाट

दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. यंत्रापासून टाकीच्या मध्यापर्यंत चार मीटर धरू. गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले अंतराचा वर्ग: ४.२ मायक्रोगॅल, वरच्या दिशेने. तुमच्या पाचातून हे वजा करा. उरतं ०.८ ते १. भागिले तीन हेक्टापास्कल. ०.३ च्या घरात!

पोरांनी आंघोळी केल्या, टाकी रिकामी, जी वर. मोटार लावली, टाकी भरली, जी खाली. योगायोगाने सकाळी भरण्याची वेळ आणि दाब चढण्याची वेळ एक.

परभणीचा_राजा

म्हंजे हवा बदनाम झाली, खाल्लं टाकीनं.

बेसाल्टवाला

वॉर्डनसरांना विचारून आलो. मोटार सकाळी साडेआठला आणि रात्री आठला, तेव्हाच थ्री फेज असते. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदलून रात्री उशिरा होणार होतं. आणखी तीन दिवस थांबलो असतो तर खड्डे आपोआप सरकले असते आणि मी त्यावर "हवेच्या लाटेचं साप्ताहिक स्थित्यंतर" असं काहीतरी लिहून बसलो असतो.

यंत्र आता गावच्या जुन्या शाळेत हलवलंय, पत्र्याची एक खोली, वर काही नाही. तिथं दारात बसून राहणारे एक आजोबा रोज विचारतात, "हे भूकंपाचं हाय का?" किल्लारी इथून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्यांचा वाडा पडला होता. नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसत नाही. काल मी त्यांना दाबमापकाचा काटा दाखवला, चार वाजता खाली जाईल म्हणालो. गेला. तेव्हापासून मला थोडा मान आहे.

विहीरबागायत

आजोबांना "नाही" असंच सांगत जा, स्पष्ट. अशा यंत्रांवरून आमच्याकडे अफवा लई उठतात.

बेसाल्टवाला

हो काका, तेच सांगतो.

(नऊ दिवसांनंतर)

ताजी खबर. मधे अवकाळीचं आभाळ आलं, दाब सहा हेक्टापास्कलने उतरला आणि दोन दिवसांत परत चढला. माझ्या दृष्टीने लॉटरीच. रोजच्या तीन हेक्टापास्कलमध्ये यंत्राच्या कुरकुरीतून काही वेगळं काढणं अवघड होतं, सहामध्ये रेष दिसली. उतार, म्हणजे एका हेक्टापास्कलला किती मायक्रोगॅल, उणे ०.३६ आला. चार वेळा तपासला.

पारा७६०

आता बसतं. पेढे?

मोजणीबाबू

अभिनंदन! आता हे तुमच्या पाण्याच्या हिशेबात धरा. मेमध्ये दाब कमी असतो, ऑक्टोबरअखेर पाचेक हेक्टापास्कलने चढलेला. म्हणजे हवा दीड-पावणेदोन मायक्रोगॅल खाऊन टाकणार आणि तेवढं पाणी तुम्हाला कमी दिसणार. आठातले दीड म्हणजे जवळजवळ दोन मीटर विहीर!

उत्तराखंडातल्या घुत्तूला किंवा कच्छमधल्या बदरगढला अतिवाहक गुरुत्वमापक आहेत, गोळा चुंबकीय क्षेत्रात तरंगता ठेवलेला. तिथं मायक्रोगॅलचे तुकडे मोजतात आणि दाब सेकंदा-सेकंदाला नोंदवतात. आपल्याकडे एक साधा दाबमापक आणि वही पुरते. पण वही हवीच.

काळीमाती

उशिरा आले, पूर्ण धागा वाचला. एक राहिलं. पावसाळ्यानंतर मोजणार म्हणताय, तेव्हा तुमच्या शाळेभोवतालच्या काळ्या रानात पाणी भरलेलं असेल. शंभर मिलिमीटर पाणी मातीने धरलं की चार मायक्रोगॅल, म्हणजे तुमच्या दोन टाक्यांएवढं. ते विहिरीत गेलेलं नाही, वरच्या दीड-दोन मीटरमध्ये अडकलंय. हवा वजा कराल, टाकी वजा कराल, या मातीचं काय? वर पत्र्याखालची जमीन कोरडी आणि बाहेरची ओली, तोही घोळ आहेच.

बेसाल्टवाला

ताई, झोप उडवलीत. मातीचे नमुने घ्यायला ऑगर कुठं भाड्याने मिळेल? लातूर किंवा उदगीरला चालेल.

विहीरबागायत

कृषी महाविद्यालयात विचारा. नाहीतर माझ्याकडे या, झाडांचे खड्डे घेतो ते हाताचं गिरमिट आहे, दोन मीटर सहज जातं. येताना पेढे आणा, पारा काकांचे बाकी आहेत.